समुद्राकाठची जमीन आणि आपला सातबारा

 आम्ही परळीच्या बचत गटांच्या बाया.

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाची बैठक चालू होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले, आणि उठता उठता एक ताई म्हणाली, "आमच्या रानाला गिऱ्हाईक आलंय." रान म्हणजे दोन एकर, हलकं, ज्वारी-तुरीचं, पण रस्त्याला लागून. वैद्यनाथाच्या दर्शनाला येणाऱ्या गाड्या त्याच रस्त्यानं जातात. गिऱ्हाईकाला तिथं भाविकांसाठी लॉज आणि जेवणाचं हॉटेल काढायचं होतं. इसार द्यायला तो तयार होता. ताईचे मालक आणि दीर राजी होते. सासू गप्प होती. आम्ही ताईला विचारलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "मला कोण विचारतंय? सातबाऱ्यावर माझं नाव कुठंय?"

त्या दिवशी आम्हाला मालवण आठवलं. तुम्ही म्हणाल, परळी कुठं आणि मालवण कुठं? आपल्याकडं उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची, आणि तिथं दारातच समुद्र. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या गटांच्या चौदा जणी अभ्यास सहलीला सिंधुदुर्गात गेलो होतो. निघताना डोक्यात किल्ला आणि मासे होते. परत येताना डोक्यात जमीन होती. आमच्यातल्या दोघी-तिघींनी बी.ए.ला इतिहास घेतला होता. राजांच्या लढाया, तह, सनावळ्या सगळं पाठ केलं, पण रानाला, पायवाटेला, विहिरीलाही इतिहास असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. तो मालवणच्या एका घरमालकिणीनं सांगितला. तिच्याकडे आम्ही उतरलो होतो. त्यातलं काही आम्ही नंतर वाचून ताडून घेतलं. आज तेच सांगायचं आहे.

आधी तिथली जमीन डोळ्यापुढं आणा. सगळ्यात पुढं समुद्र. मग वाळूचा पट्टा, त्याला ते पुळण म्हणतात. पुळणीमागं माडांच्या, म्हणजे नारळाच्या बागा. बागांमध्ये घरं आणि गोड्या पाण्याच्या विहिरी. त्यामागं भाताचे मळे, आणि त्याही मागं उंचावर काळा-तांबडा कातळ, जिथं पावसाळ्यात गवत येतं आणि एरवी गुरं फिरतात. जिथं खाडी आत शिरते तिथं बांध घालून खारं पाणी अडवलेली खार जमीन. काही मैलांच्या आत पाच तऱ्हेची जमीन, आणि प्रत्येकीवर वेगळं काम.

यात पुळण आमच्या लक्षात राहिली, कारण तिला सातबाराच नाही. नुसती वाळू. बघणाऱ्याला वाटतं मोकळी आहे. पण ती कधीच मोकळी नव्हती. तिथं रापण चालायची. रापण म्हणजे लांबच लांब जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. एका रापणीला वीस-तीस माणसं सहज लागतात. ओढणाऱ्या प्रत्येकाला मासळीचा वाटा. दोर ओढायला, जाळं पसरून वाळवायला, होड्या वर घ्यायला रुंद वाळू लागते. आणि मासळी जास्त आली की बायका तीच वाळूवर सुकवायच्या. आपण पावसाळ्यात आठवडी बाजारातून सुकट आणतो ना, ती अशाच कुठल्यातरी किनाऱ्यावर कुणा बाईनं उन्हात पसरलेली असते, कावळ्या-कुत्र्यांपासून राखलेली असते. ही वाळू तिचं खळं होतं. आपलं खळं कसं, कुणाच्या रानात असलं तरी सुगीत सगळ्यांचं, तसं.

माडाच्या बागांची गोष्ट निराळी. त्यांना मालक होते. कोकणात खोत होते, त्यांच्या हाताखाली कुळं होती. खोती संपवण्याचा कायदा १९४९ साली झाला. त्याआधी १९४८ चा कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक धरलं गेलं. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात, म्हणून आपल्याकडं १९५० चा हैदराबादचा कुळकायदा लागू झाला. कायदे दोन, पण एक गोष्ट दोन्हीकडं सारखी झाली. कसणारा म्हणून नोंद झाली ती बहुतेक पुरुषाची. भात लावणारी, काढणारी, झोडणारी बाई होती. कोकणात तर जास्तच, कारण तिथले पुरुष मुंबईला गिरणीत. गावाकडं मनीऑर्डर यायची आणि शेत बाई करायची. तरी कागदावर ती शेतकरी नव्हती. आजोबा वारले की त्यांच्या चार मुलांची नावं, ती वारली की त्यांच्या बारा मुलांची. घरमालकीण हसून म्हणाली, आमच्या सातबाऱ्यावर माणसं जास्त आणि गुंठे कमी. त्यातली निम्मी माणसं मुंबईत, काही तर तिनं पाहिलीसुद्धा नव्हती. जोवर जमिनीला भाव नव्हता तोवर यावरून कधी भांडण झालं नाही.

भाव आला तो आधी शेजारी, गोव्यात.

गोवा १९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीजांच्या हातून सुटला. त्यानंतरच्या काही वर्षांत परदेशी हिप्पी कळंगुट, बागा, हणजूण या किनाऱ्यांवर येऊन राहू लागले. त्यांना हॉटेल नको होतं. मच्छीमारांनी घरातली एक खोली दिली, मासे-भात दिला, चार पैसे आले. इथपर्यंत जमीन बदलली नव्हती, फक्त घरातल्या माणसांनी ओसरीवर झोपायला सुरुवात केली होती. मग सत्तरच्या दशकात सिकेरीला, आग्वादच्या किल्ल्याजवळ, मोठं पंचतारांकित हॉटेल झालं. १९८३ साली राष्ट्रकुलाच्या देशांचे प्रमुख गोव्यात विश्रांतीला आले आणि गोव्याचं नाव जगभर झालं. ऐंशीच्या दशकात परदेशातून थेट विमानं उतरू लागली. आता प्रवासी ओसरीवर मावेना. माड तोडून इमारती उभ्या राहिल्या.

माड ज्यांचे होते त्यांना गोव्यात भाटकार म्हणतात, आणि त्यांच्या बागेत घर बांधून राहणाऱ्या, माडावर चढणाऱ्या, राखण करणाऱ्या गरीब कुटुंबांना मुंडकार. पिढ्यान्‌पिढ्या राहत होते, पण घराखालची जागा त्यांची नव्हती. १९७५ साली गोव्यात मुंडकारांचा कायदा झाला. त्यात त्यांना घरातून काढायला बंदी आली आणि घराची जागा विकत घ्यायचा हक्क मिळाला. हे वर्ष लक्षात ठेवा. तेव्हा किनाऱ्याचा भाव नुकता वाढायला लागला होता. ज्यांनी वेळीच नोंद करून घेतली त्यांच्या पायाखाली चार हात जमीन राहिली. ज्यांनी 'बघू, भाटकार आपलाच आहे' म्हणून सोडून दिलं, त्यांना पुढं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. भाटकार आपला होता, पण त्याची जमीन ज्यानं विकत घेतली तो कुठं आपला होता?

गोव्याच्या बायांनी आणि पुरुषांनी मिळून एक लढाई मात्र जिंकली. २००६ साली सरकारनं 'प्रादेशिक आराखडा २०११' नावाचा नकाशा जाहीर केला. गावाच्या कुठल्या भागात शेती राहील आणि कुठं इमारती होतील हे अशा नकाशात रंगानं दाखवतात. त्यात शेतं, बागा, डोंगर बांधकामाच्या रंगात गेल्याचं लोकांच्या लक्षात आलं. गोवा बचाव अभियान उभं राहिलं, गावोगाव सभा झाल्या, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारनं तो आराखडा मागं घेतला. नकाशाचा रंग वाचता आला म्हणून हे जमलं. आपल्यापैकी किती जणींनी आपल्या गावाचा नकाशा पाहिलाय? आम्हीही पाहिला नव्हता.

आता सिंधुदुर्गाकडं वळू. हा जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणच्या समुद्रात बांधायला घेतलेल्या किल्ल्याचं नाव त्याला दिलं. पहिला मोठा बदल पर्यटनानं केला नाही, तो झाडांनी केला. १९९० च्या सुमारास रोजगार हमीतून फळबागांची योजना आली आणि जिथं गवत नि नाचणी होती त्या वरकस जमिनीवर हापूस नि काजू लागले. मग १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. आणि पुढच्याच वर्षी, १९९८ च्या जानेवारीत, कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. ही दोन वर्षं पाठोपाठ आली. एका वर्षी सरकारनं सांगितलं की इथं प्रवासी येणार, आणि दुसऱ्या वर्षी प्रवासी यायला गाडी आली. घरमालकीण म्हणाली, त्यानंतर मुंबईच्या माणसांना अचानक गावची आठवण यायला लागली. वीस वर्षं गणपतीलाही न आलेला चुलत दीर सातबाऱ्याचा उतारा घेऊन दारात उभा राहिला.

बाहेरच्या माणसाला तिथली जमीन घेता येत नाही असं नाही. आपल्याकडं शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते असा कुळकायद्यात नियम आहे. पण शहरातला माणूस कुठंतरी दुसरीकडं शेतकरी असला तर तो इथंही शेतकरीच. आणि बिनशेतीची परवानगी झाली की मग प्रश्नच नाही. अलिबागकडं बघा. मुंबईहून लाँचनं मांडव्याला उतरलं की पोचलंच. भाताच्या खाचरांच्या जागी भिंती घातलेले बंगले आहेत, आणि ज्यांची खाचरं होती त्यांच्यातले कित्येक जण तिथंच माळी नि राखणदार आहेत. बंगला वर्षातले बरेच दिवस बंद असतो. जमीन आहे, पण तिच्यावर काही पिकत नाही आणि कुणी राहतही नाही. आम्हाला ते बघून दुष्काळातल्या पडीक रानापेक्षा जास्त वाईट वाटलं, कारण पडीक रान पाऊस आला की नांगरता येतं.

समुद्राजवळ वाटेल तसं बांधता येऊ नये म्हणून नियमही आहेत. १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनाऱ्याच्या राज्यांना पत्र लिहून सांगितलं की भरतीच्या रेषेपासून ५०० मीटर जागा मोकळी ठेवा. फेब्रुवारी १९९१ मध्ये त्याचा कायदेशीर नियम झाला, त्याला सीआरझेड म्हणतात. त्यात गावाकडच्या किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून २०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई होती, पण पूर्वीच्या घराची दुरुस्ती चालायची. २०११ मध्ये तो नव्यानं लिहिला गेला. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी २०० मीटरचे ५० मीटर झाले. नियम चांगला की वाईट हे आम्हाला एका शब्दात सांगता येणार नाही. त्यानं किनारा वाचला हे खरं. पण कोळणीला मुलाच्या लग्नासाठी एक खोली वाढवायची तर तिच्याकडं ना जागेचा कागद ना परवानगी. परवानगी मोठ्या हॉटेललाही लागते आणि तिलाही, पण हॉटेलकडं कागद तयार करणारी माणसं असतात.

बाकी बदल हळूहळू झाले. पुळणीवर खुर्च्या आल्या, छत्र्या आल्या, पाण्यातल्या खेळांच्या होड्या आल्या. सुकत टाकलेल्या मासळीचा वास प्रवाशांना सोसेना. कुणी कुणाला हाकललं नाही, कुठं हुकूम निघाला नाही. बायकाच थोड्या बाजूला सरकल्या, मग आणखी थोड्या. घरमालकीण म्हणाली, "पुळण आमची नव्हती, पण काम आमचं होतं." या वाक्यावर आम्ही सगळ्या गप्प झालो. आपल्याकडं गायरानाचं काय झालं ते आठवलं. देवबागला तर जमीनच अरुंद, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, मधल्या पट्टीवर गाव. तिथं समुद्र जमीन खातो आणि उरलेल्या जमिनीवर खोल्या वाढतात. वाळूखालचं गोडं पाणी पातळ थरात असतं. विहिरीतून कळशीनं काढलं तर पुरतं. मोटार लावून टाक्या भरल्या की खालचं खारं पाणी वर सरकतं. बाहेरून पाणी आणावं लागणं म्हणजे काय हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दोन गावांची नावं मुद्दाम सांगतो. वेंगुर्ले तालुक्यातलं शिरोडा. तिथं मिठागरं होती, आणि १९३० साली तिथं मिठाचा सत्याग्रह झाला. माणसांनी लाठ्या खाल्ल्या. त्याच शिरोड्याच्या वेळागर किनाऱ्यावर नव्वदच्या दशकात पंचतारांकित हॉटेलसाठी जमीन संपादित झाली. हॉटेल वर्षानुवर्षं उभं राहिलं नाही, आणि गावकरी आमची वस्तीची जमीन तेवढी वगळा म्हणून भांडत राहिले. दुसरं गाव मालवण तालुक्यातलं तोंडवळी-वायंगणी. तिथं 'सी वर्ल्ड' नावाच्या मोठ्या प्रकल्पासाठी शेकडो एकर जमीन हवी होती. गावकऱ्यांनी विरोध केला आणि प्रकल्प रखडला. एका गावाची जमीन गेली आणि हॉटेलही वर्षानुवर्षं आलं नाही, दुसऱ्या गावानं जमीन जाऊ दिली नाही.

पण सगळं रडगाणंच आहे असं सांगितलं तर ती घरमालकीण आम्हाला रागवेल. तिनं स्वतः घराला दोन खोल्या काढल्या आहेत, सरकारच्या न्याहारी-निवास योजनेत. सोलकढी, घावणे, माशाची आमटी ती स्वतः करते. मुलगा प्रवाशांना किल्ल्यावर नेतो. तिच्या मुलीला मुंबईला धुणीभांडी करायला जावं लागलं नाही. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया आहेत. २०१७ पासून त्या प्रवाशांना होडीत बसवून कांदळवन दाखवतात. कांदळवन म्हणजे खाडीतल्या खाऱ्या चिखलात उभी असलेली झाडं. होडी बायाच वल्हवतात, कुठलं झाड कुठलं, कुठला पक्षी कुठला, हे त्याच सांगतात. खाडी तशीच राहिली तर त्यांचा धंदा राहतो. आमच्यातली एक मावशी म्हणाली, "ह्यांनी रान विकलं नाही, रान दाखवायचे पैसे घेतले." एवढं नेमकं आम्हाला कुणालाच सुचलं नव्हतं.

परळीला समुद्र नाही, पण माणसांची भरती आहे. श्रावणातले सोमवार आणि महाशिवरात्र आठवा. वैद्यनाथाचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेलं, तेव्हापासून आणि त्याच्याही आधीपासून भाविक येतात. पूर्वी ते पायी नि बैलगाडीनं यायचे, धर्मशाळेत उतरायचे, चुलीवर शिजवायचे. आता गाड्या येतात. गाडीला उभं राहायला जागा लागते, माणसाला खोली लागते. जमीन कशासाठी जाते हे परळीला नवीन नाही. १९७१ साली थर्मल सुरू झालं. कुणाचं रान त्यात गेलं, कुणाचं राखेच्या तळ्याखाली. त्या वेळी मोबदला ज्याच्या नावावर जमीन त्याला मिळाला. ज्या बाया त्या रानात खुरपायला जायच्या त्यांना काही मिळायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्यातल्या काहींच्या सुना आज ऊसतोडीला जातात.

नावाचं म्हणाल तर कायदा झोपलेला नाही. विधवा बाईला नवऱ्याच्या जमिनीत वारस हक्क १९५६ च्या कायद्यानं दिला. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीचा वाटा महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशभर तो २००५ साली झाला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, नवऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करायची. १९९२ साली सरकारनं त्यासाठी परिपत्रकही काढलं, म्हणजे नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर येतं. मालवणहून आल्यावर आम्ही आमच्या गटांत विचारलं, कुणाकुणाचं नाव सातबाऱ्यावर आहे. हात वर झाले ते एका हाताच्या बोटांत मावले. त्यात दोघींचं नाव होतं हे त्यांना त्या दिवशीच उतारा काढल्यावर कळलं.

त्या ताईचं पुढं काय झालं ते सांगतो. आम्ही तिला म्हटलं, आधी उतारा काढ. उतारा आला. सासरे सात वर्षांपूर्वी वारलेले, वारस नोंद झालेली. त्यावर तिच्या मालकांचं नाव होतं, दिराचं होतं, लातूरकडं दिलेल्या नणंदेचं होतं. आणि पहिलंच नाव सासूचं होतं. इतके दिवस जी कोपऱ्यात गप्प बसली होती, तिच्या सहीशिवाय सगळ्या रानाचं खरेदीखत होणारच नव्हतं. हे घरातल्या कुणी तिला सांगितलं नव्हतं. कदाचित त्यांच्याही ध्यानात नसेल, आम्ही वाईट बोलत नाही.

आम्ही तिघी तिच्या ओसरीवर जाऊन बसलो आणि उतारा वाचून दाखवला. म्हातारीनं स्वतःचं नाव दोनदा वाचायला लावलं. मग मालवणच्या पुळणीचं सांगितलं, वेंगुर्ल्याच्या बायांचं सांगितलं. विकण्याऐवजी काही वर्षांच्या भाडेकरारानं द्यायचं असंही असतं, रस्त्याकडचे चार गुंठे देऊन बाकी रान ठेवायचं असंही असतं, हेही सांगितलं. विकू नका असं आम्ही म्हटलं नाही. दवाखान्याचं देणं आहे, नातीचं लग्न आहे, ते आम्हाला भागवायचं नाही. म्हातारीनं थोडा वेळ विचार केला आणि लेकाला हाक मारली, "त्या माणसाला म्हणावं, पोळा होऊ दे. पोरीलाही बोलावून घे, तिचं नाव हाय त्यात." पोळा अजून व्हायचाय. नणंदेला फोन झालाय.